भुवया वर करा

सई आणि निशांत,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी बेसनाचा लाडू खात होते, तेव्हा निशांतने विचारलं, "आजी, तू खाताना डावा डोळा का मिचकावतेस?" सईने त्याला कोपराने ढोसलं आणि तुमच्या आईने विषय बदलला. विषय बदलायची गरज नव्हती. प्रश्न चांगला होता, आणि इतक्या वर्षांत तो मला तोंडावर विचारणारे फार थोडे भेटले. पण त्याचं उत्तर कॉलवर देण्याजोगं नाही. तिकडे तुमची झोपायची वेळ होते, इकडे नेट जातं, आणि मला कुठलीही गोष्ट अर्ध्यावर सोडायला आवडत नाही. शिवाय लवकरच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस लिहिता येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते. निशांतचं मराठी वाचन कच्चं आहे हे मला ठाऊक आहे. सईने वाचून दाखवावं.

त्या डोळ्याचं उत्तर म्हणजे एक माणूस आहे. भोरमधले आमचे घरमालक. ते डॉक्टर होते आणि सगळा गाव त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत असे, म्हणून मीही तेवढंच म्हणते.

आम्ही भोरला गेलो तेव्हा तुमच्या आजोबांना पाटबंधारे खात्यात नोकरी लागली होती. काम पानशेतच्या बाजूला, घरी येणं शनिवारी. मी बी.एस्सी. होऊन भोरच्या हायस्कूलमध्ये शास्त्र आणि इंग्रजी शिकवायला लागणार होते. जागा तात्पुरती होती. सासूबाई आणि मी, दोघी खोली शोधत फिरलो. प्रत्येक घरमालक आधी आडनाव विचारायचा. आडनाव ऐकलं की "जरा घरात विचारून येतो" म्हणून आत जायचा आणि बाहेर येऊन खोली कालच दिली म्हणून सांगायचा. आमच्या घराने काही वर्षांपूर्वीच बौद्ध धर्म स्वीकारला होता, आणि आडनावावरून गावाला तेवढं बरोबर कळत असे. सासूबाई म्हणाल्या, "आणिक एक खोली काल गेली. काल लई घाई झालेली दिसतीया गावाला."

डॉक्टरांच्या ओसरीवर आम्ही चढलो तेव्हा ते खाकी अर्ध्या चड्डीवर काळा कोट घालून उभे होते. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी हातातलं पोस्टकार्ड माझ्या चेहऱ्यासमोर उभं धरलं, आधी उजवा अर्धा झाकला, मग डावा, आणि म्हणाले, "भुवया वर करा."

मी केल्या. माणूस विचित्र आहे हे कळलं होतं, पण दिवसभर चालून पाय दुखत होते.

"डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. जीभ बाहेर. खांदे उडवा. ठीक." मग सासूबाईंकडे वळून पुन्हा तेच.

सासूबाई म्हणाल्या, "दात न्हाईत मला. काय दावू?"

"हिरड्या दाखवा."

त्यांनी दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, "मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. चुलीचा धूर माझ्या बाजूला आला तरी हरकत नाही, मला वास येत नाही." आडनाव त्यांनी विचारलं नाही. पुढे पावतीवर लिहिताना त्यांना ते लागलंच, तेव्हा त्यांनी ते लिहिलं आणि पोस्टकार्डाने शाई टिपली.

आता त्या कवायतीबद्दल. सई, तुला हे शाळेत येईलच. आपल्या मेंदूच्या तळातून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात आणि कवटीच्या बारीक बारीक भोकांतून बाहेर पडतात. बाकी शरीराचा कारभार पाठीच्या कण्यातून चालतो. या बारांकडे मात्र मुख्यतः चेहऱ्याचं काम आहे: वास, नजर, चव, ऐकणं, गिळणं, हसणं. डॉक्टरांचा नियम असा होता की पेशंट कशासाठीही येवो, आधी बाराही तपासायचे. त्यासाठी त्यांच्याकडे आईचा पितळी पानाचा डबा होता. पान-सुपारीच्या कप्प्यांत लवंगा, कॉफीची पूड, मीठ, साखर, कडू किराइताची काडी, कापसाचा बोळा आणि टाचणी. झाकणात एक नादकाटा, म्हणजे आपटला की घुमणारा दोन दात्यांचा लोखंडी काटा. तो ते गुडघ्यावर आपटून लोकांच्या कानामागे टेकवत.

एकदा कामथडीचा एक शेतकरी लंगडत आला. डॉक्टरांनी त्याच्या नाकाखाली लवंग धरली.

"डाक्टर, काटा पायात हाय. नाकाला लवंग कशापायी?"

"काटा पायात आहे हे तुम्हांला कोणी सांगितलं?" लहान पोराशीसुद्धा ते 'तुम्ही'नेच बोलत.

"सांगतंय कोन? दुकतंय की."

"दुखतंय ते कळतं वर. वरचं कार्यालय उघडं आहे का ते बघतो, मग खाली येतो."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "नीट बगा. ह्येचं हापिस लई दिसांपास्नं बंद हाय."

अशी रांग हसायची, कुरकुरायची, पण जायची नाही. काटा शेवटी नीट निघायचा. आणि गावाला त्या कवायतीची इतकी सवय झाली की डॉक्टर समोरून आले की लोक रामराम करायच्या ऐवजी भुवया वर करायचे. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता करायचा. माझ्या वर्गातली मुलं रस्त्यात गाल फुगवून उभी राहायची आणि डॉक्टर गंभीरपणे "ठीक" म्हणून पुढे जायचे.

वेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी ते डबा घेऊन तिकडे जात. तिथे एका गावचा सरपंच निवडून आल्यापासून मान तिरकी करून चालायला लागला होता. लोक म्हणायचे, पद मिळालं आणि मान वाकडी झाली. डॉक्टरांनी त्याला बाजारात कांद्यांपाशी गाठलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सरपंच, ओढ्याच्या पायऱ्या उतरताना एकीच्या दोन दिसतात का?"

सरपंचाने हातातली पिशवी खाली ठेवली. "हळू बोला. म्या घरात बी सांगितलं न्हाई. वाटलं, याड लागतंय."

निवडून आल्याच्या मिरवणुकीत तो बैलगाडीवरून पडून डोकं आपटून घेऊन बसला होता. डोळ्याचं बुबुळ फिरवायला तीन मज्जातंतू आहेत. त्यातला चौथ्या क्रमांकाचा सगळ्यांत बारीक, आणि एवढुशा कामासाठी मेंदूच्या पाठीमागून लांबचा वळसा घेऊन येतो. नाकाकडे वळलेला डोळा खाली नेणं हे त्याचं काम. तो दुखावला की खाली बघताना एकाच्या दोन वस्तू दिसतात, आणि माणूस नकळत मान तिरकी करून त्या दोन्ही एकावर एक बसवतो. डॉक्टरांनी भर बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यांची मान गर्वाने वाकडी झालेली नाही, चौथ्या मज्जातंतूने झालेली आहे. सरपंच काही महिन्यांत सरळ चालायला लागला. वेल्ह्यात मात्र कोणी जास्त तोरा मिरवला की लोक म्हणायचे, "त्येचा चौथा गेलाय."

त्यांचा लाडका होता दहावा. "बाकीचे अकरा गावातल्या गावात राहतात," ते सांगत, "हा एसटीने हिंडतो. घशाला थांबा, हृदयाला थांबा, शेवटचा स्टॉप पोट." आणि 'आ' करायला लावून पडजीभ मधोमध उचलली जाते का ते बघत.

पण माझ्या मते त्यांचा जीव खरा पहिल्यात होता. तरुणपणी ते घाटात सायकलवरून मागच्या मागे पडले होते. नाकाच्या वर कवटीत चाळणीसारखं एक हाड असतं. पहिल्या मज्जातंतूचे धागे त्या चाळणीतून वर जातात. डोक्याला हिसका बसला आणि ते धागे तुटले. त्या दिवसापासून त्यांना कसलाच वास आला नाही. त्यांचं दूध उतू जाऊन करपायचं आणि मागच्या खोलीतून सासूबाई ओरडायच्या, "डाक्टर, दूद." पुढे पुढे सासूबाईच त्यांची भाकरी-आमटी करायला लागल्या. त्या काळी भोरमध्ये हे लोकांच्या डोळ्यांवर येण्यासारखं होतं. डॉक्टर ओसरीवर, सगळ्यांच्या समोर बसून जेवत. लवंगेचा वास आला असं पेशंटने सांगितलं की ते थांबून विचारत, "कसा येतो? सांगा." शेतकरी बिचारे काय सांगणार? "लवंगंवानी येतो." तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

याच पहिल्या मज्जातंतूने त्यांची एकदा गावभर शोभा केली. पावसाळा होता. ओसरीवर माणसांमागून माणसं "वास न्हाई" म्हणायला लागली. लवंगेचा नाही, कॉफीचा नाही. डॉक्टर आधी चक्रावले, मग कामाला लागले. भोर, किकवी, वेल्हे, सगळीकडे डबा घेऊन हिंडले. सगळीकडे तेच. त्यांची खात्री पटली की तालुक्यात कसलीतरी साथ आली आहे आणि ती पहिला मज्जातंतू खाते आहे. एसटी स्टँडवर उभे राहून ते लोकांना नाकाला फडकं बांधायला सांगू लागले, आणि गाव त्यांना मानत होता म्हणून लोकांनी बांधलंही.

मग किकवीच्या एक म्हाताऱ्या बाई रांगेत आल्या. कॉफीचा कप्पा नाकाखाली धरल्यावर म्हणाल्या, "येतोय की वास."

डॉक्टर उभेच राहिले. "कशाचा?"

"बुरशीचा."

डॉक्टरांनी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी एकेका कप्प्याला नाक लावलं. "लवंगांच्या निस्त्या काड्या ऱ्हायल्यात. कापी पार कुजलीया. कवापास्नं बदलली न्हाई ही?"

डॉक्टरांनी डबा मिटला. मग रांगेला म्हणाले, "तुमचे पहिले मज्जातंतू शाबूत आहेत. माझा नाही, हे मी विसरलो होतो." आणि दवाखान्याच्या फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं, की साथीबद्दल मी सांगितलेलं चूक होतं, नाकं उघडी ठेवा. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना उघडायच्या आधी सासूबाईंनी डबा हुंगून पास करायचा असं ठरलं. त्या आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून पुढच्या ओसरीवर यायच्या, कप्पे एकेक करून हुंगायच्या आणि "चालंल" म्हणायच्या. त्याशिवाय पहिला पेशंट आत जायचा नाही. गाव मात्र कितीतरी दिवस हसत राहिला.

त्याच हिवाळ्यात माझा चेहरा गेला.

आदल्या दिवशी डाव्या कानामागे ठणकत होतं आणि शाळेच्या घंटेचा टोल डोक्यात घण घातल्यासारखा वाजत होता. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप सांडलं. आरशात पाहिलं. डावी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती, ओठ उजवीकडे ओढला गेला होता आणि डावा डोळा मिटत नव्हता. सासूबाई मला बघून तिथेच मोरीपाशी खाली बसल्या. त्यांचा भाऊ लकव्याने गेला होता. आधी तोंड वाकडं झालं, मग हात, मग सगळं.

शेजारची बाई म्हणाली, "वेल्ह्याकडं एक देवऋषी हाय. निस्तं उतरून देतो."

"त्यो रस्ता आमी सोडला," सासूबाई म्हणाल्या. "परत न्हाई जायाचं." आणि माझा हात धरून त्यांनी मला पुढच्या ओसरीवर नेलं.

डॉक्टरांनी माझ्या नाकाखाली लवंग धरली. माझा धीर सुटला. "डॉक्टर, माझं तोंड वाकडं झालंय, दिसतंय ना?" ते शब्द ओठांतून निसटून भलतेच बाहेर पडले.

"दिसतंय. बाकीचे अकरा दिसत नाहीत." त्यांनी सगळे तपासले. साखर जिभेच्या डाव्या कडेला ठेवली, मला ती वाळूसारखी लागली. शेवटी म्हणाले, "भुवया वर करा." उजवी वर गेली, डावी जागची हलली नाही. डॉक्टर म्हणाले, "उत्तम."

सासूबाई चिडल्या. "उत्तम काय त्यात? पोरीचं त्वांड गेलंय."

"तुमच्या भावाच्या कपाळाला आठ्या पडत होत्या का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "पडत व्हत्या. शेवटपतुर."

"म्हणजे त्यांच्या मेंदूत बिघाड होता. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बाजू बंद पडली तरी कपाळ चालतं. बाईंचं कपाळसुद्धा थांबलंय, म्हणजे मेंदू ठीक आहे. बिघाड सातव्या मज्जातंतूत आहे. कानामागे हाडातून त्याची अरुंद वाट आहे. तो सुजलाय आणि वाटेत अडकलाय. घाटात एसटी आणि बैलगाडी समोरासमोर आल्यावर होतं ना, तसं."

मी विचारलं, "सुटेल का?"

"बहुतेकांचं सुटतं. तुमचं सुटेलच असं मी सांगत नाही. झोपताना डोळ्यावर पट्टी, दिवसा थेंब, डोळा कोरडा पडू द्यायचा नाही. उरलेलं काम वाट बघण्याचं. वाट बघताना वर्गात जायचं."

वर्गात जाणं हीच अडचण होती. लवकरच शाळेची तपासणी होती. साहेब माझा पाठ बघणार आणि मग माझं नाव कायम करण्यासाठी वर जाणार, असं ठरलेलं. पाठ झाला नाही तर जागा दुसऱ्याला. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. मला शिकवण्यासाठी माझ्या वडिलांनी काय काय केलं होतं ते तुम्हांला तुमच्या आजोबांनी सांगितलंच आहे. ती नोकरी मला जाऊ द्यायची नव्हती. हेडमास्तर वाईट गृहस्थ नव्हते, पण भित्रे होते. मला ऑफिसात बोलावून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही रजा घ्या. मुलं हसतील. साहेब काय म्हणतील? पुढच्या वर्षी बघू."

शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले, "ज्यांना लवंगेचा वास येत नाही, ते तुमचं तोंड सरळ करणार?" बाकीचे चहाच्या कपात बघून हसले. हसू मलाही येत होतं, पण ते अर्धंच बाहेर पडलं.

शनिवारी तुमचे आजोबा आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड वाकडं असलं तरी तुझं बोलणं सरळच आहे. रजा घ्यायची की नाही ते तूच ठरव."

मी ठरवायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारलं. "डॉक्टर, लवंगेसारखं हेही चुकलं असेल तर?"

त्यांना राग आला नाही. "चुकू शकतं. लवंगेत मी कशात चुकलो? डबा रोज बघितला नाही. तुमचा चेहरा मी रोज बघणार आहे. चुकलो तर त्याच दिवशी कळेल, आणि त्याच दिवशी तुम्हांला सांगेन."

मला एवढं पुरलं. या माणसाने स्वतःची चूक फळ्यावर लिहिलेली मी पाहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर, रांगेतल्या सगळ्यांच्या समोर, मला आरसा घेऊन बसवलं. भुवया, डोळे, दात, गाल. मी म्हटलं, मागे परड्यात करते. डॉक्टर म्हणाले, "परड्यात केलं तर स्नायूंना व्यायाम होईल. वर्गात उभं राहायचा व्यायाम इथेच होईल." मी बसले. डावा गाल फुगवला की ओठातून फुस्स करून हवा निघून जायची. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी मान वर केली नाही आणि थांबलेही नाही. मग किकवीच्या त्या म्हाताऱ्या बाई, बुरशीवाल्या, पुढे सरकून म्हणाल्या, "करा बाई, आमी बी करतो. बसून बसून काय करायचं हाय?" आणि त्यांनी गाल फुगवले. त्यांच्या शेजारच्याने फुगवले. थोड्या वेळात सगळी रांग, ताप आलेली, गळू झालेली, डोक्याला पटका बांधलेली माणसं, आरसा नसताना भुवया वर-खाली करत बसली होती. डॉक्टर आतून डोकावून म्हणाले, "ठीक." रोज सकाळी असंच चाललं.

'प', 'ब', 'म' ही अक्षरं नीट उमटत नव्हती. डाव्या ओठाला बोटाचा टेकू दिला की उमटायची. डॉक्टरांनी सांगितलं, "बोट लपवू नका. चष्मा लावणारा चष्मा लपवतो का?"

तपासणीच्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला शाळेत गेले. हेडमास्तर दारात होते.

"बाई, अजूनही अर्ज देता येईल."

"सर, माझा पाठ आठवीला आहे. घंटा झाली."

मी चुंबकाचा पाठ तयार केला होता. वर्गात शिरले, मागच्या बाकावर साहेब वही उघडून बसले होते, मुलं माझ्याकडे आणि मग साहेबांकडे बघत होती. चुंबक तसाच पिशवीत राहू दिला. फळ्यावर 'मज्जासंस्था' लिहिलं, वळले, बोट ओठाला लावलं आणि म्हटलं, "आज आकृती काढणार नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघा."

पोस्टकार्ड पिशवीत होतं. मी चेहऱ्याचा डावा अर्धा झाकला. "ही बाजू काय काय करते?" भुवई उचलली, डोळा मिटला, दात दाखवले. मग उजवा अर्धा झाकला. "आणि ही?" मग मागून एकेक उत्तर आलं: कपाळ हलत नाही, डोळा मिटत नाही, ओठ सरकत नाही. "म्हणजे हे सगळं काम एकाच मज्जातंतूचं आहे. तो सातवा. तो कुठून येतो, कुठे अडकला, ते सांगते." कानामागच्या हाडाची अरुंद वाट सांगितली, घाट सांगितला. मग बाकीचे अकरा घेतले. वर्गातलं कोण डबा हुंगून आलेलं नव्हतं? बऱ्याच जणांना क्रम तोंडपाठ होता. खांदे कोणाचे? अकराव्याचे. जीभ? बाराव्याची. गालाला कापूस लागलेला कळतो तो? पाचव्याने. "बाई, चावायचं काम बी पाचव्याचंच," एक मुलगी म्हणाली, "म्हनून तुमाला भाकरी चावता येती." मी म्हटलं, "बरोबर. बस खाली."

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, मग तुमाला हसू अर्धंच येतं का?"

"येतं पूर्ण. दिसतं अर्धं."

साहेब उठले. "बाई, हे पाठ्यपुस्तकात आहे?"

"मज्जासंस्था आहे, साहेब. आकृती माझी आहे."

ते पुन्हा बसले आणि वहीत लिहायला लागले. मी मुलांना भुवया वर करायला सांगितल्या, डोळे मिटायला, गाल फुगवायला. मुलं मागे बघून खुसखुसायला लागली, तेव्हा मीही बघितलं. वहीवर मान खाली घातलेल्या साहेबांनी गाल फुगवले होते.

माझं नाव कायम झालं. साहेबांनी शेरा काय लिहिला ते मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. डॉक्टरांना येऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दहावा सांगताना एसटीचं सांगितलंत ना?" मी सांगितलं होतं.

चेहरा मात्र तेवढ्यावर आला नाही. त्यासाठी कितीतरी आठवडे जावे लागले, आणि त्यातले बरेचसे मी काहीच हललं नाही म्हणून आरशावर रागावून काढले. एका सकाळी चूल फुंकताना डाव्या ओठाचा कोपरा थरथरला. मी कोणाला सांगितलं नाही. ओसरीवर गेले. डॉक्टर लांबूनच बघत होते, त्यांनी पोस्टकार्ड खाली ठेवलं आणि सासूबाईंना हाक मारली, "या. बघा." सासूबाईंनी पाहिलं आणि डबा हुंगल्यावर म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "चालंल." मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

हळूहळू सगळं आलं. कपाळ आलं, पापणी आली, साखर गोड लागली. पण एक गोष्ट नवी झाली. हसले किंवा चावलं की डावा डोळा आपण होऊन बारीक व्हायचा. डॉक्टरांनी ते बघितलं आणि त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं हे मला आजही सांगता येणार नाही. "सातव्याचे धागे पुन्हा वाढले," ते म्हणाले, "पण वाढताना काहींची वाट चुकली. ओठाकडे जायचे ते पापणीकडे गेले. वेल्ह्याची एसटी पानशेतला पोचली. आता ती तिथेच मुक्कामाला राहणार."

"सुधारायचं कसं?"

"सुधारायचं कशाला? पोचली हे काय कमी आहे?"

आम्ही भोर सोडलं तेव्हा डॉक्टरांनी डबा सासूबाईंना दिला. तुमच्या नाकाशिवाय तो माझ्या काय कामाचा, म्हणाले. सासूबाईंनी लवंगा तेवढ्या राहू दिल्या, बाकी कप्प्यांत पानं, चुना, कात भरला, आणि शेवटपर्यंत तो उशाशी ठेवला. डॉक्टर त्यानंतर काही वर्षांनी गेले. मागे तुमच्या काकाबरोबर भोरला गेले होते तेव्हा तो दवाखाना पाडून तिथे मोबाईलचं दुकान झालं होतं. दुकानातल्या मुलाकडे बघून मी सवयीने भुवया वर केल्या. त्याला काही कळलं नाही. डबा तुमच्या आत्याकडे होता, घर बदलताना तो कुठे गेला ते तिलाही माहीत नाही.

माझा डावा डोळा मात्र चावताना आणि हसताना अजून मिटतो.